फोनमधली खटकणारी रचना कंपनीकडून बदलून घ्यायची असेल तर

सॅमसंगने एप्रिल २०१७ मध्ये विक्रीला आणलेल्या गॅलेक्सी एस८ या फोनच्या डाव्या कडेला, आवाजाच्या बटणाखाली, एक जादा बटण होते. ते दाबले की बिक्सबी ही कंपनीची मदतनीस सेवा उघडे, आणि आवाज कमी करायला गेलेला अंगठा वारंवार त्याच बटणावर पडे. लोकांनी ते बटण दुसऱ्या कामाला जोडणारी ॲप शोधून काढली, तेव्हा कंपनीने अपडेट देऊन ती वाट बंद केली. तक्रारी मात्र सुरूच राहिल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बटण निष्क्रिय करण्याची सोय आली, २०१९ मध्ये गॅलेक्सी एस१० बरोबर ते हव्या त्या ॲपला जोडण्याची अधिकृत मुभा मिळाली आणि पुढच्या फोनांतून हे स्वतंत्र बटण नाहीसेच झाले. वनप्लसने ऑगस्ट २०२२ मध्ये १०टी या फोनातून घंटी बंद-चालू करणारी सरकपट्टी काढून टाकली होती; ग्राहकांच्या नाराजीनंतर पुढच्याच वनप्लस ११ मध्ये ती परत आली.

म्हणजे फोन कंपन्या आपले निर्णय फिरवतात. फक्त तक्रार वाचणारा, ती तपासून पाहणारा आणि निर्णय बदलणारा ही कंपनीत तीन वेगळी माणसे असतात, आणि आपले म्हणणे तिसऱ्यापर्यंत पोहोचायचे असेल तर पहिल्या दोघांना ते विनासायास पुढे सरकवता आले पाहिजे. खालचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. माझ्या आणि घरच्यांच्या फोनांबाबत ही वाट मी चालून पाहिली आहे. काही तक्रारींना यश आले, काही अजूनही उघड्या पडून आहेत.

१. हा बिघाड आहे, निर्णय आहे, की दिशाभूल?

पहिल्यांदा हे ठरवा, कारण पुढचे दार त्यावर अवलंबून आहे. तुमच्याच फोनमध्ये अडचण येते आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनमध्ये येत नाही, तर तो बिघाड आहे. वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटर हा त्याचा मार्ग. त्या मॉडेलच्या प्रत्येक फोनमध्ये तीच अडचण येते, तर तो बहुधा कंपनीने विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. दुकानात मांडून ठेवलेला नमुना फोन हातात घेऊन हे काही मिनिटांत तपासता येते.

निर्णयाची तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरला जाऊ नका. समोर बसलेल्या तंत्रज्ञाला सुटा भाग बदलण्याचा किंवा सॉफ्टवेअर पुन्हा भरण्याचा अधिकार असतो. रचना बदलण्याचा नसतो. त्यामुळे तो तुम्हाला फोन पूर्ण पुसून कारखान्यातून आला तसा करायला सांगेल, तुमची छायाचित्रे आणि संदेश जातील आणि खटकणारी गोष्ट जशीच्या तशी परत येईल.

तिसरा प्रकार दिशाभुलीचा: जाहिरातीत एक आणि फोनमध्ये दुसरे. २०२२ च्या सुरुवातीला गॅलेक्सी एस२२ च्या ग्राहकांच्या लक्षात आले, की गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस नावाची यंत्रणा अनेक ॲप चालू असताना प्रोसेसरचा वेग रोखून धरते, पण वेग मोजणाऱ्या चाचणी ॲपना मात्र हात लावत नाही. ‘फोन मंद चालतो’ एवढीच तक्रार राहिली असती तर ती सहज बाजूला पडली असती. ‘जो वेग सांगून फोन विकला तो वापरात मिळत नाही’ अशी ती मांडली गेली, तेव्हा कंपनीला भागधारकांच्या सभेत माफी मागावी लागली आणि अपडेटद्वारे निवड ग्राहकाच्या हाती द्यावी लागली.

२. निर्णय कोणाचा ते शोधा

बहुतेक तक्रारी इथेच वाया जातात. अँड्रॉइड फोनवर दिसणारी गोष्ट पाच-सहा जणांपैकी कोणाचीही असू शकते: फोन बनवणारी कंपनी, अँड्रॉइड बनवणारे गूगल, कंपनीने अँड्रॉइडवर चढवलेला स्वतःचा थर (सॅमसंगचा वन यूआय, शाओमीचा हायपरओएस), एखादे ॲप, कीबोर्ड, नाहीतर सिम कार्ड देणारी दूरसंचार कंपनी. चुकीच्या दारी गेलेली तक्रार कोणी पुढे पाठवत नाही; ती तिथेच बंद होते.

शोधण्याच्या काही साध्या पद्धती आहेत. फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. त्यात तुम्ही उतरवलेली ॲप बंद राहतात. अडचण गेली तर दोष अशा एखाद्या ॲपचा, राहिली तर कंपनीचा किंवा अँड्रॉइडचा. पडद्यावर अचानक उमटणारे योजनांचे संदेश फोन कंपनीचे आहेत असे वाटत असेल तर सिम काढून एक दिवस वायफायवर फोन वापरा. संदेश थांबले तर ते दूरसंचार कंपनीचे, आणि बहुतेकदा ते सिम टूलकिट नावाच्या ॲपमधून बंद करता येतात. तीच गोष्ट गूगलच्या पिक्सेल फोनमध्येही होते का ते पाहा. होत असेल तर निर्णय गूगलचा असण्याची शक्यता जास्त.

मराठी मजकुराच्या बाबतीत थर ओळखणे थोडे अवघड, पण आपल्यासाठी फार महत्त्वाचे आहे. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी असतात आणि पुष्कळ फोनांवर आपल्याला हिंदी वळणेच दिसतात. फोनची भाषा तात्पुरती मराठी करून तोच मजकूर पुन्हा पाहा. वळण बदलले तर फाँटमध्ये दोन्ही रूपे आहेत, आणि मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे ॲप फाँटला कळवत नाही, म्हणून तक्रार ॲपकडे जाते. कुठेच बदल झाला नाही तर ती फाँटची किंवा तो फाँट निवडणाऱ्या कंपनीची. मजकूर बरोबर दिसतो पण टंकताना चुकीचा उमटतो, अशी अडचण असेल तर ती कीबोर्डच्या निर्मात्याकडे जाते, आणि तो निर्माता फोन कंपनीपेक्षा वेगळा असू शकतो.

३. सोय आधीच कुठे दडलेली आहे का ते पाहा

सेटिंगच्या वरच्या शोधपेटीत मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही शब्दांनी शोधा. भाषांतर अर्धवट असल्याने एकाच भाषेत शोधले तर अनेक पर्याय हाती लागत नाहीत. लॉक पडद्यावरच्या बातम्या आणि जाहिराती, बटण दाबून धरल्यावर उघडणारा सहायक, ॲपच्या यादीतल्या ‘शिफारशी’ यांपैकी बरेचसे बंद करता येते. पर्याय सापडला, पण तो चार पडदे खाली पुरलेला असेल, तर तक्रार मागे घेण्याचे कारण नाही; ती ‘सोय द्या’ ऐवजी ‘सोय वर आणा’ अशी बदलते, आणि अशी मागणी मान्य होणे सोपे असते.

बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रणालीला कंपनीने घातलेले कुलूप, उघडून फोनचे सॉफ्टवेअर स्वतः बदलण्याचा सल्ला अनेकजण देतील. त्याने वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते, बँकेची आणि यूपीआयची ॲप चालेनाशी होऊ शकतात, आणि कंपनीला तुमची तक्रार न वाचता परत करण्याचे रास्त कारण मिळते.

४. हाताशी काय ठेवावे

– खरेदीचे बिल, तारीख आणि विक्रेत्याचे नाव स्पष्ट दिसेल असे.
– मॉडेल क्रमांक. बाजारातले नाव पुरेसे नसते, कारण एकाच नावाचे फोन वेगवेगळ्या देशांत वेगळे असतात. ‘फोनविषयी’ या विभागात तो मिळतो.
– आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे टंकल्यावर पडद्यावर येतो.
– सॉफ्टवेअरची आवृत्ती, बिल्ड क्रमांक आणि सुरक्षा अपडेटची तारीख.
– अडचण घडतानाचे पडद्याचे चलचित्रण, अर्ध्या-एक मिनिटाचे. बटणाची किंवा कडेची अडचण असेल तर दुसऱ्या फोनने घेतलेले.
– कंपनीच्या जाहिरातीचे किंवा खोक्यावरच्या मजकुराचे छायाचित्र, प्रश्न दिशाभुलीचा असेल तर. संकेतस्थळावरचा मजकूर बदलतो, म्हणून तो आजच जपून ठेवा.
– आतापर्यंतच्या प्रत्येक तक्रारीचा क्रमांक आणि तारीख, एकाच वहीत किंवा फाइलमध्ये.

अँड्रॉइडमध्ये बिल्ड क्रमांकावर सात वेळा बोट टेकवले की विकसकांसाठीचे पर्याय उघडतात आणि तिथून ‘बग रिपोर्ट’ घेता येतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा सर्वांत मोलाचा पुरावा आहे. पण त्यात तुमची खाती, वायफायची नावे, ॲपची यादी असे बरेच खासगी तपशील असतात. तो कंपनीच्या बंद मार्गानेच पाठवा, सार्वजनिक ठिकाणी कधीही चिकटवू नका. आयएमईआयचेही तसेच.

पुराव्याचे वजन किती असते, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण आयफोनच्या बॅटरीचे आहे. जुने आयफोन मंद होतात, अशी कुरकुर लोक वर्षानुवर्षे करत होते. डिसेंबर २०१७ मध्ये एका ग्राहकाने बॅटरी बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर वेग मोजला आणि दोन्ही आकडे सर्वांसमोर ठेवले. पाठोपाठ वेग-चाचणीचे ॲप बनवणाऱ्यांनी आपल्याकडच्या नोंदी तपासून तोच कल दाखवला. त्याच महिन्यात ॲपलने बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग आपणच कमी करतो हे मान्य केले, माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर उतरवला. भारतात तो ६,५०० रुपयांवरून २,००० रुपयांवर आला. मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीचे आरोग्य दाखवणारा आणि वेगावरचे नियंत्रण बंद करू देणारा पडदाही आला. एवढ्या वर्षांच्या कुरकुरीने जे झाले नव्हते, ते आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांनी झाले.

५. तक्रार लिहिणे

एका तक्रारीत एकच गोष्ट. बॅटरी, कॅमेरा आणि जाहिराती यांवर एकत्र लिहिलेले पत्र तीन विभागांपैकी एकाकडे जाते आणि उरलेले दोन विषय तिथेच संपतात. तक्रारीत पाच गोष्टी याव्यात: फोन आणि आवृत्ती, कोणत्या क्रमाने काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, आणि त्याने नेमके काय अडते. शेवटी एक माफक मागणी. ‘हे काढून टाका’ यापेक्षा ‘हे बंद करण्याचा पर्याय द्या’ ही मागणी मान्य होण्याचा संभव कितीतरी जास्त असतो, कारण तिच्यात कंपनीतल्या कोणाचा निर्णय चुकीचा ठरत नाही. वर सांगितलेल्या बिक्सबीच्या गोष्टीतही पहिली सवलत पर्यायाचीच होती.

उदाहरण मराठीतलेच घेऊ. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण युनिकोडच्या, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या जागतिक संकेतप्रणालीच्या, हिशेबी त्या वेगळ्या अक्षरमाळा आहेत. एका कीबोर्डने लिहिलेली नोंद दुसऱ्या कीबोर्डने शोधायला गेलात, आणि त्या ॲपचा शोध ही दोन रूपे एक मानत नसेल, तर डोळ्यांसमोर असलेला शब्द ‘सापडला नाही’ असे उत्तर येते. याबद्दल ‘तुमच्या फोनवर मराठी नीट चालत नाही, त्वरित दुरुस्त करावे’ असे लिहिले तर त्यावर कोणालाही काही करता येणार नाही. तीच गोष्ट अशी लिहा:

‘मॉडेल क्रमांक अमुक, आवृत्ती अमुक. १) नोंदवहीच्या ॲपमध्ये कीबोर्ड क ने “दुसऱ्या” हा शब्द लिहिला. २) कीबोर्ड ख निवडून शोधपेटीत तोच शब्द लिहिला. अपेक्षा: नोंद सापडावी. प्रत्यक्षात: एकही नोंद सापडली नाही. कारण: अर्ध्या र ची दोन रूपे शोधात वेगळी मानली जातात. परिणाम: “ऱ्या”, “ऱ्हा” असलेले शब्द आणि आडनावे, उदाहरणार्थ “कऱ्हाडे”, नोंदींत आणि संपर्कांत सापडत नाहीत. विनंती: शोधताना ही दोन रूपे समान मानावीत. सोबत चलचित्रण जोडले आहे.’

अशी तक्रार इंग्रजीत पाठवणे हिताचे ठरते, कारण ती तपासणारा अभियंता मराठी जाणणारा असेलच असे नाही. पण मूळ मराठी शब्द मजकूर म्हणून तसेच ठेवा, नुसते चित्र देऊ नका. त्याला ते उचलून स्वतःच्या फोनवर चिकटवून पाहता आले पाहिजेत. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६३३३ भाग ३ हे मानक फोनवर सर्व २२ अनुसूचित भाषा वाचता याव्यात आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत टंकता यावे, अशी अपेक्षा ठेवते. मराठी अक्षरेच तुटत असतील, चौकोन दिसत असतील तर त्याचा उल्लेख जरूर करा.

६. योग्य दार

ॲपलसाठी दोन मार्ग आहेत. संकेतस्थळावरचा अभिप्रायाचा अर्ज सूचना मांडायला ठीक आहे, पण त्याला सहसा उत्तर येत नाही. चाचणी आवृत्ती, म्हणजे सर्वांना देण्याआधीची कच्ची आवृत्ती, वापरणाऱ्यांना मिळणारे फीडबॅक असिस्टंट हे ॲप जास्त उपयोगी. त्यात प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो, नोंदी आपोआप जोडल्या जातात आणि तशाच आणखी तक्रारी आल्या आहेत का याचा अंदाजही दिसतो. तुमची तक्रार इतरांना दिसत नाही, म्हणून मित्राने केली आहे असे समजून गप्प बसू नका. प्रत्येकाने आपली वेगळी नोंदवावी.

सॅमसंगच्या फोनमध्ये सॅमसंग मेंबर्स या ॲपमधून त्रुटी आणि सूचना वेगवेगळ्या पाठवता येतात. त्रुटी असेल तर ती घडल्यावर लगेच, फोन पुन्हा सुरू न करता पाठवा, म्हणजे तिच्या ताज्या नोंदी सोबत जातील. शाओमीच्या फोनात ‘सर्व्हिसेस अँड फीडबॅक’ हे ॲप आधीपासून असते.

निर्णय अँड्रॉइडचाच असेल तर गूगलचा सार्वजनिक इश्यू ट्रॅकर, म्हणजे तक्रारी नोंदवण्याचे संकेतस्थळ, वापरा. आधी शोधा, तीच तक्रार आधी नोंदलेली असेल तर नवी न काढता तिच्यापुढचा तारा दाबा. ‘मलाही हाच त्रास होतो’ अशा ओळी खाली लिहिल्या की वाचणाऱ्याला कामाचा तपशील सापडत नाही. एखाद्या कंपनीच्या थरातली तक्रार इथे टाकली तर ‘उत्पादकाकडे जा’ असे सांगून ती सहसा बंद केली जाते. ‘दुरुस्त करणार नाही, असेच अभिप्रेत आहे’ असा शेरा आला तर तो नीट वाचा: हा बिघाड नसून निर्णय आहे, याची ती लेखी कबुलीच असते, आणि पुढची तक्रार तिचा आधार घेऊन ‘पर्याय द्या’ अशी करता येते.

ग्राहकसेवेचा क्रमांक शोधयंत्रावर शोधून फोन लावू नका. तिथे खोटे क्रमांक पेरलेले असतात, आणि समोरचा माणूस पडदा दाखवणारे ॲप उतरवायला सांगून बँक खाते रिकामे करतो. क्रमांक खोक्यावरून किंवा फोनमधल्या कंपनीच्या ॲपमधून घ्या.

७. वेळ साधा

नवी आवृत्ती सर्वांच्या फोनवर आल्यानंतर केलेल्या तक्रारीपेक्षा चाचणीच्या काळात केलेली तक्रार जास्त काम करते, कारण तेव्हा निर्णय अजून ओला असतो. ॲपल जूनमध्ये नवी आवृत्ती जाहीर करते आणि साधारण सप्टेंबरमध्ये ती सर्वांना देते. मधले तीन महिने हीच संधी. २०२१ च्या जूनमध्ये आयओएस १५ च्या सफारीत पत्त्याची पट्टी खाली, तरंगती करण्यात आली होती. चाचणी करणाऱ्यांनी इतका विरोध केला की आवृत्तीगणिक ती बदलत गेली आणि सप्टेंबरमध्ये ती पुन्हा वर नेण्याचा पर्याय देऊनच आयओएस १५ बाहेर पडली. २०२४ मध्ये आयओएस १८ च्या छायाचित्रांच्या ॲपमधला सरकता फलक चाचणीतच काढून टाकला गेला. उलट आयओएस २६ ची काचेसारखी पारदर्शक रचना सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वांकडे पोहोचली आणि तिची पारदर्शकता कमी करणारा पर्याय नोव्हेंबरमधल्या २६.१ ची वाट पाहायला लावून आला.

अँड्रॉइडमध्ये पिक्सेलसाठी अँड्रॉइड बीटा आणि गॅलेक्सीच्या ठरावीक मॉडेलांसाठी वन यूआय बीटा असतो. बीटा म्हणजेच चाचणी आवृत्ती. वन यूआय बीटाची नोंदणी सॅमसंग मेंबर्समधून भारतातही होते. मात्र रोजच्या फोनवर चाचणी आवृत्ती चढवू नका. बँकेची ॲप बंद पडू शकतात, आणि मूळ आवृत्तीवर परतायचे तर सहसा फोन पुसावाच लागतो. जुना, बाजूला पडलेला फोन असेल आणि तो पात्र असेल, तरच या भानगडीत पडा.

८. आवाज एकटा राहू देऊ नका

एकाच तक्रारीच्या शंभर प्रती पाठवण्याने फारसे साधत नाही. एकाच मजकुराच्या प्रती यंत्र ओळखते आणि एकत्र बांधून ठेवते. त्याच अडचणीच्या, वेगवेगळ्या मॉडेलांवरच्या आणि वेगवेगळ्या कामांत अडलेल्या दहा तक्रारी जास्त वजनदार ठरतात. गृहसंकुलाच्या किंवा नातेवाइकांच्या गटात विचारा, पण मजकूर तयार करून वाटू नका. पायऱ्या वाटा आणि प्रत्येकाला आपले शब्द वापरू द्या. कंपनीच्या प्रमुखांना समाजमाध्यमांवर उद्देशून लिहायचे असेल तर तक्रारीचा क्रमांक आणि चलचित्रण देऊनच लिहा. क्रमांकाशिवायच्या पोस्टला ‘कृपया आम्हाला संदेश पाठवा’ एवढे ठरलेले उत्तर मिळते.

९. डोळे, कान, हात यांच्याशी संबंधित तक्रार असेल तर

वृद्ध आई-वडिलांना अक्षरे दिसत नाहीत, थरथरत्या हाताने सरकवण्याची खूण जमत नाही, कमी प्रकाशात पडद्याच्या लुकलुकीने डोके दुखते, अशा अडचणी ‘आवडनिवड’ म्हणून मांडू नका. सुलभतेच्या शीर्षकाखाली मांडा. मोठ्या कंपन्यांत या विषयासाठी वेगळे पथक असते. लुकलुकीबद्दलच्या वर्षानुवर्षांच्या तक्रारींनंतर आयफोन १७ मालिकेत ती शमवण्याचा पर्याय सुलभतेच्या सेटिंगमध्येच दिला गेला. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ मध्ये रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध व्हावीत यासाठी सरकारवर जबाबदारी टाकली आहे, आणि आयएस १७८०२ हे सुलभतेचे मानकही आहे. तक्रारीत एका ओळीत दोन्हींचा उल्लेख करा.

१०. कायद्याचे दार कधी ठोठवावे

एक गोष्ट स्पष्ट असू द्या: निव्वळ न आवडणारी रचना हा बेकायदा प्रकार नाही. बटण चुकीच्या जागी आहे म्हणून कोणताही आयोग ते हलवायला लावणार नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम ८४ मध्ये ‘रचनेतील दोष’ हे उत्पादकाच्या दायित्वाचे कारण म्हणून आले आहे खरे, पण त्यासाठी व्यक्तीला किंवा दुसऱ्या मालमत्तेला इजा व्हावी लागते. खुद्द उत्पादनाचे नुकसान त्यात मोजले जात नाही. फोन तापून हात भाजला तर हे कलम उपयोगाचे, फोन गैरसोयीचा आहे म्हणून नाही.

कायदा कामाला येतो तो दिशाभूल, जबरदस्ती आणि नाकारलेली दुरुस्ती या ठिकाणी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला फसवून नको ते करायला लावणारी रचना, यांविरोधी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यात १३ प्रकार आहेत. सूचनेचे रूप घेतलेली जाहिरात आणि नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा विचारत राहणे हे त्यांपैकी दोन. फोनमधल्या कंपनीच्या ॲपकडून होणारा उपद्रव या चौकटीत बसतो का ते पाहा आणि तक्रारीत त्या प्रकाराचे नाव लिहा.

सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून करा. तिथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन आदेश देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागवते; पण तिथल्या नोंदी साठत जातात. आयओएस १८ च्या अपडेटनंतर फोन नीट चालत नसल्याच्या तक्रारी याच हेल्पलाइनवर आल्या होत्या आणि जानेवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाने त्यांवरून ॲपलला नोटीस काढली. अनेक ग्राहकांना एकत्रितपणे बाधक असलेल्या प्रकाराची तक्रार कलम १७ नुसार थेट प्राधिकरणाकडे किंवा तुमच्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही करता येते, ही सोय फार थोड्यांना माहीत आहे.

वैयक्तिक भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. खरेदीची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे अर्ज चालतो आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवरून तो घरबसल्या करता येतो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. फोन कंपनीच्याच संकेतस्थळावरून घेतला असेल तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ई-वाणिज्य नियम २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निराकरण द्यायचे असते.

बाजारातल्या वर्चस्वाचा प्रश्न असेल तर भारतीय स्पर्धा आयोग आहे. तीन व्यक्तींनी दिलेल्या माहितीवरून सुरू झालेल्या प्रकरणात आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतातल्या फोनांसाठी आपली ॲप सुटी-सुटी देण्याचे आणि शोधयंत्र निवडू देण्याचे जाहीर केले. हा मार्ग लांबचा आणि तज्ज्ञांच्या मदतीचा आहे. एकट्याने उठून जाण्याचा नव्हे.

युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांच्या हाती आणखी साधने आहेत. तिथे २०२२ मध्ये समान चार्जरचा कायदा झाला, तो २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. आयफोनने त्याआधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, यूएसबी-सी स्वीकारले, आणि ते साऱ्या जगासाठी. २० जून २०२५ पासून तिथे सुटे भाग आणि सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षे द्यावेत याचेही नियम आहेत. तिथल्या ग्राहक संस्थेकडे नोंदलेल्या तक्रारीचा लाभ कधीकधी सोलापूर-साताऱ्याच्या फोनलाही मिळतो.

११. उत्तर आल्यावर

‘नवीनतम आवृत्तीवर पुन्हा तपासून पाहा’ हे बहुतेक वेळा पहिले उत्तर असते. ते टाळाटाळीसारखे वाटले तरी तपासाच, आणि नव्या बिल्ड क्रमांकासह त्याच तक्रारीखाली लिहा. उत्तर न दिल्यास तक्रार ठरावीक दिवसांनी आपोआप बंद होते आणि नवी उघडली की जुन्या नोंदी तुटतात. फोन दूरवरून पाहण्याची परवानगी मागितली तर ती कंपनीच्या अधिकृत ॲपमधूनच द्या, पडद्याचे कुलूप उघडणारा संकेतांक कोणालाही सांगू नका.

बदल आला तर त्याच तक्रारीखाली कोणत्या बिल्डमध्ये अडचण गेली ते नोंदवा. पुढच्या मोठ्या अपडेटमध्ये तीच गोष्ट परत बिघडण्याचे प्रकार होतात, आणि तेव्हा ‘अमुक बिल्डमध्ये हे दुरुस्त झाले होते’ ही एक ओळ हाताशी असली की अभियंत्याला दोन आवृत्त्यांमधला फरक काढून कारण शोधता येते.